बायबल स्टडीसाठी सॉफ्टवेअर: विकत घ्यावं की फुकटचं? माझ्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१२ जून, गुरुवार

खडकीला मावशींच्या घरी आमचा ग्रुप बसतो, सात-आठ जण, दर गुरुवारी साडेसातला. योहानाचं शुभवर्तमान संपत आलंय, आज एकविसावा अध्याय होता. प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो ना, माझ्यावर प्रीती करतोस का, ते. मी ऐटीत सांगून टाकलं की मूळ ग्रीकमध्ये तिथे दोन वेगळे शब्द आहेत, पहिल्या दोन वेळा एक आणि तिसऱ्यांदा दुसरा. कुठल्यातरी उपदेशात ऐकलेलं. मावशी म्हणाल्या, "कुठे लिहिलंय, दाखव की." मी फोन काढला, नेट रांगत होतं, दहा मिनिटं सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले, शेवटी चहा आला म्हणून सुटलो.

येताना गाडीवरच ठरवलं की याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा. मला काय हवंय ते: मराठी मजकूर, त्यात शोधता आलं पाहिजे, मूळ ग्रीक-हिब्रू शब्द दिसला पाहिजे (मला ग्रीक येत नाही, नंबर लावलेला असला तरी चालेल), आणि नेटशिवाय चाललं पाहिजे. खर्च जास्तीत जास्त ३,००० रुपये, तेही ग्रुपच्या डब्यातून. लिहून ठेवतोय कारण दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे खड्डे तरी टाळता येतील.

१५ जून, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी कपाटातून बायबलवर्क्सची सीडी काढून दाखवली, सेमिनरीत असताना पोटाला चिमटा काढून घेतलेली. ग्रीक-हिब्रूवाल्या लोकांत याचं एकेकाळी फार नाव होतं, पण ती कंपनी जून २०१८ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे आहे त्यांचं चालतं, नवीन काही येत नाही. साहेबांच्या जुन्या डेस्कटॉपवर अजून मस्त चालतंय. मी म्हटलं द्या बघतो, तर माझ्या लॅपटॉपला सीडीचं खणच नाही. दोघंही हसलो.

यावरून एक गोष्ट डोक्यात बसली, पैसे मोजले म्हणजे वस्तू कायमची आपली झाली असं नाही.

१७ जून, मंगळवार

पैसेवाल्यांची यादी केली. लोगोस सगळ्यात मोठं, १९९२ पासून आहे आणि २०२४ पासून वर्गणीवर गेलंय, फुकटची छोटी आवृत्तीही मिळते. अकॉर्डन्स १९९४ चं, मूळ मॅकवालं, नंतर विंडोजवरही आलं. ऑलिव्ह ट्रीचं ॲप फुकट, पुस्तकं विकत.

मग एका पॅकेजमधल्या पुस्तकांची यादी प्रिंट काढली (कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे साधारण हाच प्रकार दिसला) आणि पेन घेऊन बसलो. मॅथ्यू हेन्रीची टीका (म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक), हा माणूस १७१४ मध्ये वारला. स्ट्राँगची शब्दसूची (मूळ ग्रीक-हिब्रू शब्दांना नंबर देणारी), १८९०. ईस्टनचा शब्दकोश, १८९७. जेमिसन-फॉसेट-ब्राउन, १८७१. या सगळ्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच पुस्तकं मिळतात. एकेक नाव खोडत गेलो, निम्मी यादी गेली. उरलेली निम्मी मात्र खरंच दमदार होती, गेल्या तीस-चाळीस वर्षांत लिहिलेल्या टीका, त्या फुकट मिळत नाहीत आणि मिळू पण नयेत, कोणीतरी वर्षानुवर्षं बसून लिहिल्यात.

तेव्हा पॅकेज बघताना "एवढी पुस्तकं" हा आकडा बघू नका, प्रत्येक पुस्तकाचं साल बघा. एक तास जातो पण डोळे उघडतात.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद म्हणून कंपनीने अर्ध्या दिवसाने सोडलं, भोसरीहून घरी यायला तरी दोन तास लागले. संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून पैसेवाल्यांपैकी एकाची महिन्याभराची वर्गणी घ्यायला बसलो, पहिले काही दिवस फुकट होते. कार्ड टाकलं, नाकारलं. परत टाकलं, परत नाकारलं. तिसऱ्यांदा बँकेने कार्डच ब्लॉक केलं. मग कळलं की परदेशी व्यवहाराचं बटण कार्डावर मुळात बंदच असतं, आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचं असतं. रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे, चांगलाच आहे, मला माहीत नव्हता एवढंच. कार्ड परत चालू करून घेण्यात पाऊण तास गेला.

रात्री अकराला डाउनलोड सुरू. ही मोठी सॉफ्टवेअरं पुस्तकं उतरवून झाली की त्यांची सूची बनवत बसतात, म्हणजे नंतर शोध पटकन लागतो. माझ्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते काम सकाळी साडेसहापर्यंत चालू होतं, पंखा असा घोंगावत होता की बायको म्हणाली हा काय गिरणी चालू केलीस का. दोष लॅपटॉपचा.

२४ जून, मंगळवार

रॅम वाढवायला तपकीर गल्लीत. ७०० रुपयांना सेकंडहँड चार जीबीची पट्टी घेतली, घरी येऊन लावली, स्क्रीन काळीच. काढली, पुसली, परत लावली, तेच. रात्री तासभर डोकं लावल्यावर सापडलं की माझ्या लॅपटॉपला डीडीआर-३ एल लागते, कमी व्होल्टेजवाली, आणि मी आणली होती साधी डीडीआर-३. दिसायला दोन्ही सारख्याच, खाच पण तिथेच. बुधवारी परत जाऊन वर १५० देऊन बदलून आणली. जुनी पट्टी काढून तिच्यावर काय छापलंय त्याचा फोटो काढून घेऊन जा, एवढंच.

२६ जून, गुरुवार

आज ग्रुपमध्ये दाखवलं. पार तोंडावर पडलो.

लॅपटॉप टीपॉयवर, आठ माणसं त्याच्याभोवती. मी एका वचनावर क्लिक केलं की बाजूला टीका उघडते, नकाशा उघडतो, शब्दाची सगळी रूपं येतात, एका शब्दावरून दहा पुस्तकांत उडी मारता येते. मला भारी वाटत होतं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले "दिसत नाही रे काही." मावशी म्हणाल्या, "आणि हे सगळं इंग्रजीतच बोलतंय होय?" पाच मिनिटांत लाइट गेली. गुरुवार म्हणजे आपल्याकडे लाइटच्या दुरुस्तीचा वार, दिवसाचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं असेल. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं. नंतर मेणबत्तीवर मावशींच्या छापील पवित्र शास्त्रातून वाचलं आणि खरं सांगायचं तर तीच बैठक चांगली झाली.

पण सॉफ्टवेअरवर अन्याय नको. मी तीन दिवस एकटा वापरलं आणि ते खरंच चांगलं आहे. ग्रीक येणाऱ्या माणसाला "आज्ञार्थी क्रियापदं कुठे कुठे आलीत" असा व्याकरणावरून शोध घेता येतो, दर आठवड्याला उपदेश लिहिणाऱ्याचे तर कितीतरी तास वाचतील. मी दर आठवड्याला उपदेश लिहित नाही. मी गुरुवारी आठ माणसांना चहाच्या आधी एक वचन समजावून सांगतो.

३० जून, सोमवार

वर्गणी रद्द करायची तारीख विसरलो. डायरीत लिहिली होती, डायरी बघितली नाही. ८०० च्या वर गेले, शिवाय परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावर जीएसटी. चूक शंभर टक्के माझी, हे पैसे डब्यातून न घेता खिशातून भरले. घेताना त्याच मिनिटाला फोनमध्ये अलार्म लावा, दोन दिवस आधीचा.

ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर ही हकीकत टाकली तर आमच्यातल्या इंजिनियरिंगच्या पोराने लगेच लिहिलं, "दादा, क्रॅक व्हर्जन आहे माझ्याकडे, देऊ का?" दोन मिनिटांनी पाळकसाहेबांचा मेसेज, फक्त एवढाच: "निर्गम २०:१५." पोराने मेसेज डिलीट केला. ज्यांनी उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी, ती चोरीवाली आज्ञा आहे.

३ जुलै, गुरुवार

फुकटवाल्यांकडे वळलो. विंडोजवर दोन नावं सारखी समोर येतात, ई-स्वोर्ड आणि द-वर्ड. ई-स्वोर्ड २००० सालापासून आहे, विंडोजवर फुकट, मॅक आणि आयपॅडवर मात्र पैसे पडतात. द-वर्ड फक्त विंडोजवर, पूर्ण फुकट, आणि पेनड्राइव्हवर टाकून कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवता येतं. दोन्ही एकेक संध्याकाळ वापरली. ई-स्वोर्ड पहिल्या दिवशी सोपं वाटतं, द-वर्डमध्ये पहिल्या दिवशी हरवायला होतं, खिडक्याच खिडक्या. तरी मी द-वर्ड घेतलं, दोन कारणं: पेनड्राइव्ह, आणि त्याची बायबलची फाइल साधी टेक्स्ट असते, म्हणजे मराठी स्वतः घालता येईल (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच वाक्याने माझे सहा दिवस खाल्ले).

त्यात किंग जेम्स आवृत्ती (जुनं इंग्रजी भाषांतर) स्ट्राँगच्या नंबरांसकट मिळते. योहान २१:१५ उघडलं. प्रभूच्या पहिल्या प्रश्नात ग्रीक नंबर २५, अगापाओ (निःस्वार्थ प्रीती, असं सांगतात). पेत्राच्या उत्तरात ५३६८, फिलेओ (मित्रावर असते तशी प्रीती). सोळाव्यात परत तसंच. सतराव्यात प्रभूच फिलेओ वापरतो. तीन आठवड्यांपूर्वी जे दाखवता आलं नव्हतं ते एका कागदावर छापून नेलं, मोठ्या अक्षरात, मराठी वचन वर आणि शब्द खाली. मावशींनी कागद हातात घेऊन तीनदा वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे पेत्र शेवटपर्यंत आपलाच शब्द धरून बसला, आणि प्रभूच खाली उतरला त्याच्यासाठी." पाळकसाहेब म्हणाले की योहान हे दोन शब्द बऱ्याच ठिकाणी अदलून-बदलून वापरतो, त्यामुळे सगळे अभ्यासक यात फरक मानत नाहीत. मग त्यावर अर्धा तास. लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

६ जुलै, रविवार

आता मराठी. आपण सगळे चर्चमध्ये वाचतो ती आर.व्ही. ही मराठी आवृत्ती, हक्क बायबल सोसायटीचे, तिचा मजकूर उचलून फाइल करणं म्हणजे परत निर्गम २०:१५. दुसरी आहे आय.आर.व्ही., इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, ती मुक्त परवान्यावर आहे, श्रेय द्यायचं आणि पुढे त्याच अटीवर वाटायचं. ती घेतली.

द-वर्डच्या फाइलचा नियम एकदम सरळ: एक वचन एक ओळ. उत्पत्ती १:१ पहिल्या ओळीवर आणि प्रकटीकरणाचं शेवटचं वचन ३१,१०२ व्या ओळीवर. जुन्या कराराच्या २३,१४५ आणि नव्याच्या ७,९५७. कुठेही संदर्भ लिहायचा नाही, प्रोग्राम ओळी मोजून ठरवतो कुठलं वचन कुठलं. मी मजकूर एक्सेलमध्ये घेतला, नंबर-बिंबर उडवले, रिकाम्या ओळी दिसल्या त्या पण काढून साफसूफ केलं, सेव्ह केलं, द-वर्डमध्ये टाकलं. उत्पत्ती उघडलं, बरोबर. स्तोत्र २३, बरोबर. आषाढीचा साबुदाणा शेजारच्या वहिनींकडून आला होता, तो खात खात खूश होऊन झोपलो.

१० जुलै, गुरुवार

रोमकरांस पत्र सुरू केलंय. मी प्रस्तावनेत म्हटलं या पत्राचा कळस बघूया, रोम ८:२८, आणि लॅपटॉपवरून वाचायला लागलो. वाचतोय ते, देव आपल्या बाजूचा असेल तर आपल्या विरोधात कोण, हे. काका पुस्तकात बोट ठेवून, "अरे हे एकतीस आहे." मी म्हटलं तुमच्या आवृत्तीत वेगळं असेल. काका म्हणाले, "चाळीस वर्षं हेच आहे."

घरी येऊन मोजल्या, ३१,०९९ ओळी. तीन कमी. ज्या रिकाम्या ओळी मी साफसूफ म्हणून काढल्या ना, त्यातल्या तीन कामाच्या होत्या. दोन वचनं जोडून आलेली असतात तिथे दुसऱ्याची ओळ रिकामी ठेवायची असते, जागा धरून. मी त्या जागाच उडवल्या, आणि तिथून पुढे सगळं शास्त्र वर सरकलं.

१२ आणि १३ जुलै

दोन्ही दिवस यात. एकतीस हजार ओळी डोळ्यांनी तपासायच्या नाहीत, प्रत्येक पुस्तकाची पहिली ओळ तपासायची. कुणाला लागले तर आकडे देतो: मत्तय २३,१४६ व्या ओळीवर सुरू व्हायला पाहिजे, मार्क २४,२१७, लूक २४,८९५, योहान २६,०४६, प्रेषितांची कृत्ये २६,९२५. माझा मत्तय बरोबर होता म्हणजे जुना करार शाबूत. मार्क २४,२१५ वर, म्हणजे मत्तयात दोन गेल्या. लूक २४,८९३, मार्कात काही नाही. योहान २६,०४३, लूकमध्ये एक. मग मत्तय आणि लूक एवढेच अध्यायवार छापील पुस्तकाशी लावत बसलो. तिसरी ओळ रविवारी दुपारी सापडली, उपासनेला गेलो नव्हतो, पाळकसाहेबांचा फोन आलाच.

मूळ फाइलची एक प्रत न हात लावता बाजूला ठेवली असती तर हे वीस मिनिटांचं काम होतं. ठेवली नव्हती.

१७ ते २० जुलै

शोध. इथे सगळ्यात जास्त डोकं फिरलं आणि याबद्दल कुठे कुणी नीट लिहिलेलंही दिसलं नाही म्हणून जरा सविस्तर.

"दया" शोधलं. ढीगभर वचनं आली, आणि बघतो तर काय, हृदयात, हृदयाने, हृदयाला. हृ-दया! आपल्या शास्त्रात हृदय किती ठिकाणी आहे ते तेव्हा कळलं. बरं, "पूर्ण शब्द" हा पर्याय लावला, तर दयेने, दयेचा, दयाळू हे सगळे गळाले. इंग्रजीत मर्सी म्हणजे मर्सी, आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की शब्दाचं पोटच बदलतं. पाऊस शोधाल तर पावसाने सापडत नाही, मीठ शोधाल तर मिठाचा सापडत नाही.

पोराला बोलावलं. म्हणाला सोपं आहे दादा, पायथॉनमध्ये (प्रोग्राम लिहायची भाषा) "शब्दाच्या सुरुवातीला दय" असं लिहितो, झालं. लिहिलं. हृदय परत हजर! तास-दीड तास तो स्वतःशीच पुटपुटत होता. शेवटी सापडलं ते असं, की त्यातलं नेहमीचं शोधयंत्र मात्रेला अक्षर धरतच नाही. ह अक्षर, त्याखालची ऋची खूण अक्षर नाही, मग द. म्हणजे त्याच्या मते हृ नंतर शब्द तुटला आणि द पासून नवा सुरू झाला. ज्याने कुणी हे बनवलं त्याने मराठी वाचलेली नव्हती. उपाय अगदी गावठी केला: "आधी मोकळी जागा किंवा अवतरणचिन्ह किंवा ओळीची सुरुवात, आणि मग दय". हृदय गेलं, दयेने आली.

दुसरी भानगड ऱ्याची. "तिसऱ्या दिवशी" शोधलं, शून्य. १ करिंथ १५:४ मध्ये ते समोर दिसतंय आणि हा म्हणतो शून्य. तर हा आडवा र दोन पद्धतीने लिहिता येतो, एक तळाला टिंब असलेल्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलंत लावून त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. माझा कीबोर्ड एक लिहितो आणि फाइलमध्ये होतं दुसरं. सगळ्या फाइलमध्ये एकाच पद्धतीचं करून घेतलं, पाच मिनिटांचं काम, पण कळायला एक अख्खी रात्र. मराठी मजकुराचं काहीही करणार असाल तर पहिलं काम हे करा.

पोराला मिसळ खाऊ घातली, १८० रुपये दोघांचे, हे खर्चात धरलेत.

२७ जुलै, रविवार

आता फोन. उपासनेनंतर चर्चच्या पायरीवरच बसलो. अँड-बायबल नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर, फुकट, जाहिराती नाहीत, एकदा पुस्तकं उतरवली की नेट लागत नाही. मी पोराला समजावत होतो की माझी फाइल यात कशी आणायची, रूपांतर कसं करायचं, मी कसं सगळं शोधून ठेवलंय. तो ऐकता ऐकता स्क्रीनवर काहीतरी करत होता. म्हणाला, "दादा, यात आहे की. डाउनलोडमध्ये मराठी निवडलं, आय.आर.व्ही. आली." चार मिनिटं. माझे सहा दिवस.

मी काही बोललो नाही, पायरीवरची पावसाची ओल पँटला लागली होती ती झटकत बसलो. शोधाचं जे शिकलो ते वाया गेलं नाही असं स्वतःला सांगितलं, ते खरंही आहे, पण आधी अर्धा तास काढून काय तयार मिळतं ते बघायला पाहिजे होतं.

मावशींच्या फोनमध्ये जागाच नव्हती, सुप्रभातचे फोटो चार जीबी. ते उडवायला त्यांनी परवानगी दिली पण प्रत्येक फोटो बघून. काकांना यूव्हर्जन हे दुसरं ॲप घालून दिलं, त्यात आर.व्ही. आहे, म्हणजे चर्चमधल्या पुस्तकात आणि फोनमध्ये एकच शब्द. काकांना तेच पाहिजे होतं, अक्षर मोठं करता आलं पाहिजे आणि शब्द बदलता कामा नये.

३१ जुलै, गुरुवार

धो धो पाऊस, चारच जण आले. रोमकरांस पत्र बाजूला ठेवून स्तोत्र १३६ घेतलं, सव्वीस वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद, त्याची दया सनातन आहे. मला यंत्रणेची परीक्षा घ्यायची होती. हिब्रू नंबर २६१७, हेसेद, या स्तोत्रात शोधला, बरोब्बर सव्वीस. मग माझ्या आय.आर.व्ही.च्या फाइलमध्ये दय लावून बघितलं, हिशेब जमेना, कारण तिथे त्या शब्दासाठी दुसरेच शब्द घेतलेत. मावशी, "माझ्यात दया आहे, तुझ्यात का नाही?" आणि चर्चा तिथूनच सुरू झाली, की एका हिब्रू शब्दात दया, निष्ठा, दिलेला शब्द पाळणं असं सगळं आहे आणि मराठीत कुठलातरी एकच उचलावा लागतो.

मावशींचं माहेर केडगावचं, मुक्ती मिशनजवळ. म्हणाल्या, पंडिता रमाबाईंनी तिथेच बसून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत केलं, १९२२ साली वारल्या त्याच्या अगदी थोडं आधी संपवलं. "त्यांच्याकडे कुठलं तुझं पेनड्राइव्ह होतं." यावर मी काय बोलणार.

हिब्रू उघडणाऱ्यांसाठी एक सूचना, स्तोत्रांचे नंबर कधीकधी जुळत नाहीत. हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात, इंग्रजीतलं ५१:१ तिथे ५१:३ असतं. मी आधी परत ओळी गळाल्या असंच समजलो होतो, पोटात गोळाच आला.

७ ऑगस्ट, गुरुवार

हिशेब डब्यासमोर मांडला. रॅम ८५०, पेनड्राइव्ह ३५०, प्रिंटा ९०, मिसळ १८०. एकूण १,४७०. वर्गणीची चूक खिशातून, ती वेगळी. वेळ मात्र साधारण सत्तर तास, त्यातले निम्मे माझ्या चुका निस्तरण्यात. काका म्हणाले, ओव्हरटाइमच्या भावाने धर म्हणजे विकतचं स्वस्त पडलं असतं. खोटं नाही.

ठरलं ते असं: तयारीला माझ्याकडे द-वर्ड, त्यात किंग जेम्स नंबरांसकट आणि शेजारी माझी मराठी फाइल. नेट असेल तेव्हा स्टेप बायबल, केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं, ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट, खातं काढायला लागत नाही, ग्रीक शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो. सगळ्यांच्या फोनवर अँड-बायबल, काकांना यूव्हर्जन. आणि डब्यात उरलेले १,५३० पाळकसाहेबांना, एखादी नवी टीका विकत घ्यायला, कारण ती खरंच वापरणारा आमच्यात तो एकच माणूस आहे. साहेब म्हणाले सॉफ्टवेअर नको, छापील घेतो. घ्या म्हटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाळकसाहेबांनी एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. पंधरा वर्षांचे उपदेश आणि टिपणं, सगळी मराठीत, सगळी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. "तुला आता हे जमतं ना," म्हणाले. घरी येऊन पहिली फाइल उघडली, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टोप्या घातलेल्या खुणांची खिचडी, मध्येच एखादा स्वल्पविराम ओळखीचा. श्री-लिपी (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) असावी असा अंदाज, पण तिच्यातही कुठल्या खुणेला कुठलं अक्षर याचं कोष्टक फॉन्टागणिक वेगळं. २१२ फाइली आहेत.

या वेळी मूळ पेनड्राइव्हची प्रत आधी काढली, दोन ठिकाणी. पोराला मेसेज टाकलाय, त्याने विचारलंय मिसळ कुठली. पुढची नोंद गणपतीनंतर.